डोळा का लागला? न्यूयॉर्कच्या स्पायटन डायव्हिल रेल्वे अपघाताचे प्रकरण

१ डिसेंबर २०१३ हा रविवार होता. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगची जोडून आलेली सुटी संपत आली होती. हडसन नदीच्या काठाने न्यूयॉर्क शहराकडे येणारी मेट्रो-नॉर्थ रेल्वेची ८८०८ क्रमांकाची गाडी पहाटे ५:५४ ला पकिप्सीहून सुटली. ७:४३ ला ती मॅनहॅटनच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात पोचायची होती. गाडीला सात डबे होते. इंजिन मागून ढकलत होते आणि चालक पुढच्या डब्याच्या टोकाला असलेल्या केबिनमध्ये बसून गाडी चालवत होता. आत साधारण ११५ प्रवासी होते.

ब्राँक्स भागात स्पायटन डायव्हिल नावाचे छोटे स्थानक आहे. हार्लेम नदी तिथे हडसनला मिळते आणि नदीकाठाने सरळ आलेले रूळ एकदम डावीकडे वळतात. त्या वळणावर वेगमर्यादा ताशी ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर. ७:२० च्या सुमारास ८८०८ तिथे शिरली तेव्हा तिचा वेग ताशी ८२ मैल, म्हणजे सुमारे १३२ किलोमीटर होता. वळणाआधीच्या सरळ पट्ट्यातली मर्यादाही ७० मैलच होती. तीही मागेच ओलांडली गेली होती. इंजिनासकट सगळी गाडी रुळांवरून उतरली. पहिला डबा पाण्याच्या अगदी काठाशी जाऊन थांबला. चार प्रवासी गेले, साठाहून अधिक लोक जखमी झाले. १९८३ मध्ये सुरू झालेल्या मेट्रो-नॉर्थच्या इतिहासात गाडीच्या अपघातात प्रवासी मरण्याची ही पहिलीच वेळ होती. वार सोमवार असता, तर याच गाडीत नोकरदारांची गर्दी असती.

अमेरिकेत अशा अपघातांचा तपास राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ करते. या मंडळाला कोणावर खटला भरण्याचा अधिकार नाही. अपघात का झाला ते शोधायचे आणि पुन्हा होऊ नये म्हणून शिफारशी करायच्या, एवढेच त्याचे काम. पहिल्या दोन-तीन दिवसांतच बऱ्याच शंका निकाली निघाल्या. ब्रेक ठीक होते. त्याच सकाळी गाडी आधीच्या नऊ स्थानकांवर नीट थांबली होती. रूळ आणि सिग्नल यांत दोष सापडला नाही. चालक प्यायलेला नव्हता, फोनवर बोलत नव्हता. गाडीतल्या नोंदयंत्राने मात्र एक गोष्ट दाखवली. इंजिनाची शक्ती शून्यावर आणली गेली ती गाडी थांबायच्या जेमतेम सहा सेकंद आधी, आणि ब्रेक पूर्ण दाबला गेला तो त्याच्याही नंतर. एवढ्या वेगातली गाडी ३० मैलांवर आणायची, तर त्याच्या कितीतरी आधी ब्रेक लागायला हवे होते. चालकाने सांगितले की तो गुंगल्यासारखा झाला होता, समोर बघत होता, आणि काहीतरी चुकतेय असे वाटून भानावर आला तेव्हा उशीर झाला होता.

लवकरच वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर एकच वाक्य फिरू लागले: चालक झोपला. बहुतेक अपघातांची चर्चा या वाक्यापाशी थांबते. आपल्याकडेही पहाटेच्या अपघाताच्या बातमीत 'चालकाला डुलकी लागल्याने' एवढे लिहून पुढचा परिच्छेद मृतांच्या नावांचा असतो. हे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते ते यासाठी की इथे तपास त्या वाक्यापासून सुरू झाला. माणूस नऊ स्थानके नीट करतो, दहा वर्षांचा अनुभव गाठीशी आहे, रोजची वाट आहे, आणि दहाव्या टप्प्यात त्याचा डोळा लागतो. तो का?

आधी ड्युटीचे तास पाहिले. तिथे बोट ठेवावे असे काही निघाले नाही. पाच दिवसांच्या आठवड्यातला हा दुसरा दिवस होता. पहाटे ५:०४ ला हजेरी, नऊ तासांची पाळी. आदल्या दिवशी काम संपल्यापासून पुन्हा कामावर येईपर्यंत पुरेशी झोप घेता येईल इतका वेळ त्याला मिळाला होता. कोणी जादा ड्युटी लादली नव्हती, ओव्हरटाइम नव्हता. कायद्याची एकही ओळ मोडलेली नव्हती.

मग पाळी पाहिली. अपघाताच्या सुमारे दोन आठवडे आधीपर्यंत हा चालक दुपारनंतर सुरू होऊन रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या पाळीत होता. तिथून तो थेट पहाटेच्या पाळीत आला. म्हणजे ज्या वेळी शरीराला गाढ झोपेची सवय होती, त्या वेळी आता तो गाडी हाकत होता. शरीराचे झोपेचे घड्याळ अशा बदलाला एका रात्रीत जुळत नाही. ते थोडेथोडे सरकते, आणि माणूस सुटीच्या दिवशी जुन्या वेळेला झोपला-उठला तर पुन्हा मागे जाते. रात्री आठ-साडेआठला अंथरुणाला पाठ टेकवली तरी मेंदू झोपायला तयार नसतो, आणि पहाटे साडेतीनला गजर होतो तेव्हा तो उठायला तयार नसतो.

इथे नियमांची एक मोठी फट दिसते. अमेरिकेने २०११ मध्ये प्रवासी गाड्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी कामाच्या तासांचे नवे नियम केले होते, आणि ते थकव्याच्या शास्त्रावर आधारलेले होते. त्यांत पाळ्यांचे दोन गट होते. पहाटे चारच्या आधी सुरू न होणारी आणि रात्री आठच्या आत संपणारी पाळी कमी धोक्याची धरली जाई. बाकीच्या जास्त धोक्याच्या. या वर्गवारीत चालकाची नवी पाळी जुन्या पाळीपेक्षा सुरक्षित ठरते. एका गटातून दुसऱ्या गटात उडी मारताना शरीराचे काय होते, हा रकाना त्या वर्गवारीत नव्हता. हे नियम करणारे निष्काळजी होते असे मी म्हणणार नाही. त्यांनी पाळी मोजली, आणि पाळी बदलणारा माणूस निसटला.

पण नुसत्या पाळीने हे घडले नव्हते. अपघातानंतर चालकाची झोपेची तपासणी झाली आणि त्याला तीव्र स्वरूपाचा स्लीप अॅप्निया असल्याचे निघाले. अपघाताआधी हे कोणालाच ठाऊक नव्हते, त्याला स्वतःलाही नाही.

या आजाराबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तो आपल्या घराघरांत आहे आणि त्याला आजार म्हणून फारसे कोणी ओळखत नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही माणसांत ते इतके सैल पडतात की श्वासाची वाट बंद होते. छाती हलत राहते, हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरू लागला की मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, माणूस क्षणभर जागा होतो, घोरत मोठा श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही. तासाला तीस किंवा त्याहून जास्त वेळा असे होत असेल तर वैद्यकीय भाषेत तो तीव्र अॅप्निया. अशा माणसाने आठ तास अंथरुणात काढले तरी त्याला सलग गाढ झोप लागलेलीच नसते. तो उठतो तो थकलेला, आणि वर्षानुवर्षे तसाच उठत आल्यामुळे हा थकवा त्याला नेहमीचाच वाटतो. लठ्ठपणा, जाड मान, चाळिशीपुढचे वय, उच्च रक्तदाब आणि मोठे घोरणे या याच्या ओळखीच्या खुणा. दिवसाचे तासन् तास बसून काम करणाऱ्या चालकाच्या व्यवसायात ही सगळी एकत्र भेटणे अजिबात दुर्मीळ नाही.

आपल्याकडे घोरणाऱ्याला 'किती शांत झोपलाय' म्हणतात. त्याचा श्वास मध्येच थांबतो हे बायकोला माहीत असते, पण तिला कोणी विचारत नाही.

मेट्रो-नॉर्थमध्ये चालकांची वैद्यकीय तपासणी होत असे. झोपेच्या आजाराची चाचपणी त्यात नव्हती, आणि ती केलीच पाहिजे असे सांगणारा केंद्रीय नियमही नव्हता. दृष्टी आणि श्रवण तपासायचे, कारण सिग्नल दिसला पाहिजे आणि भोंगा ऐकू आला पाहिजे. सिग्नल बघायला माणूस जागा असला पाहिजे, ही त्याहून आधीची अट मात्र गृहीत धरली गेली. ऑक्टोबर २०१४ मध्ये मंडळाने अपघाताचे कारण जाहीर केले: निदान न झालेल्या तीव्र स्लीप अॅप्नियामुळे चालक झोपी गेला, आणि नुकत्याच बदललेल्या पाळीने त्यात भर घातली. झोपेच्या आजारांची तपासणी बंधनकारक करणारे धोरण कंपनीकडे आणि नियामकाकडे नसणे, तसेच गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा नसणे, या गोष्टी कारणीभूत घटक म्हणून त्याच निष्कर्षात नोंदवल्या गेल्या.

आता यंत्रांकडे वळू. चालक झोपलाच तर काय, याचा विचार रेल्वेने शंभर वर्षांपूर्वीपासून केलेला आहे. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनला हँडल दाबून धरावे लागते. हात सुटला की ब्रेक लागतात; याला डेड मॅन्स हँडल म्हणतात. ८८०८ च्या केबिनमध्ये त्याच जातीचे पायपेडल होते. अशा पेडलाची मर्यादा ही की ते मेलेल्या किंवा बेशुद्ध पडलेल्या माणसासाठी बनवले आहे. बसल्या जागी पेंगणाऱ्या माणसाच्या पायाचे वजन पेडलावर तसेच राहू शकते. त्याहून चांगले उपकरण उपलब्ध होते. चालकाने काही वेळ कोणतेच नियंत्रण हलवले नाही तर ते आवाज देते, आणि त्याने बटण दाबले नाही तर गाडी थांबवते. हे उपकरण ८८०८ च्या इंजिनात होते. पण इंजिन मागे होते आणि चालक पुढच्या डब्यात. त्या दिवशी गाडी उलट्या दिशेने जात असती, तर चालक त्याच उपकरणासमोर बसला असता.

सिग्नल यंत्रणेची कथा तर याहून जिव्हारी लागणारी आहे. दोन गाड्यांमध्ये अंतर राखायला मेट्रो-नॉर्थकडे केबिनमध्ये संकेत देणारी आणि गरज पडल्यास गाडी रोखणारी यंत्रणा आधीपासून होती. वळणाआधी वेग कमी करायला लावण्याचे काम तिला दिलेले नव्हते. वळण तर कधीच जागचे हलत नाही, चालकाला ते ठाऊक असणारच, असा त्यामागचा विचार. अपघातानंतर केंद्रीय रेल्वे प्रशासनाने, म्हणजे रेल्वेच्या सरकारी नियामकाने, तातडीचा आदेश काढला, आणि साधारण आठवडाभरात मेट्रो-नॉर्थच्या माणसांनी त्याच जुन्या यंत्रणेत बदल करून त्या वळणावर वेगाचा पहारा बसवला. पुढे आणखी वळणे आणि उघडझाप होणारे पूलही त्याखाली आले. तोवर अशा जागी केबिनमध्ये दुसरा कर्मचारी हजर ठेवायचा हुकूम होता. एका आठवड्यात होण्यासारखे काम तीस वर्षांत झाले नव्हते.

ते का झाले नव्हते, याचे उत्तर अपघातानंतर रेल्वे प्रशासनाने मेट्रो-नॉर्थची जी सखोल तपासणी केली तिच्या मार्च २०१४ च्या अहवालात काही अंशी मिळते. गाड्या वेळेवर धावण्यावर कंपनीने इतका भर दिला होता की सुरक्षा मागे पडली, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. २०१३ च्या मे महिन्यात याच कंपनीच्या दोन गाड्यांची ब्रिजपोर्टजवळ टक्कर झाली होती, आणि काही दिवसांतच रुळांवर काम करणारा एक कर्मचारी गाडीखाली गेला होता. जुलैमध्ये याच स्पायटन डायव्हिलजवळ कचरा वाहून नेणारी मालगाडी घसरली होती. प्रत्येक घटनेचे कारण वेगळे होते, पण इशारे कमी नव्हते.

मरण पावलेल्या चौघांविषयी एक तपशील आहे, आणि तो झोपेशी थेट जोडलेला नसला तरी वगळता येत नाही. डबे कुशीवर घसरत गेले तेव्हा खिडक्यांच्या काचा चौकटीतून निखळल्या, आणि चौघेही त्या मोकळ्या झालेल्या खिडक्यांतून बाहेर फेकले गेले. काचा जागेवर राहिल्या असत्या तर कदाचित ते वाचले असते. चालकाच्या झोपेपासून प्रवाशाच्या मृत्यूपर्यंत पाच-सहा दारे होती. प्रत्येक दार बंद करणे कोणाच्या तरी हातात होते, आणि त्या सकाळी सगळी उघडी राहिली.

२०१५ मध्ये ब्राँक्सच्या सरकारी वकिलांनी चालकावर फौजदारी खटला न भरण्याचे ठरवले. मृतांच्या घरच्यांना हे किती कठीण गेले असेल याची कल्पना करता येते. तरीही मला तो निर्णय योग्य वाटतो. स्वतःच्या आजाराची कल्पनाच नसलेल्या माणसाला तुरुंगात टाकून दुसऱ्या कोणत्या चालकाची झोप सुधारणार होती? उलट, 'मला झोप येते' हे सांगायला पुढचा माणूस आणखी घाबरला असता.

ही सगळी माहिती २०१३ मध्ये नवी होती असेही नाही. १५ नोव्हेंबर २००१ ला मिशिगनमध्ये क्लार्कस्टनजवळ दोन मालगाड्यांची टक्कर होऊन दोन कर्मचारी गेले होते. चूक करणाऱ्या गाडीच्या चालकाला आणि त्याच्या सहकाऱ्याला, दोघांनाही स्लीप अॅप्निया होता आणि त्यावर नीट उपचार चाललेले नव्हते. तेव्हाच मंडळाने रेल्वे प्रशासनाला झोपेच्या आजारांची तपासणी आणण्याची शिफारस केली होती. ती शिफारस वर्षानुवर्षे कागदावर राहिली. गाडी आपोआप रोखणाऱ्या यंत्रणेचेही तसेच. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थच्या रेल्वे अपघातात २५ लोक गेल्यावर संसदेने ती सक्तीची केली, मुदत दिली २०१५ अखेरची. पुढे मुदतवाढ मिळत गेली आणि काम पुरे झाले ते २०२० च्या शेवटी.

स्पायटन डायव्हिलनंतर मेट्रो-नॉर्थने स्वतःहून चालकांची झोपेची तपासणी सुरू केली. साधारण दर नऊ चालकांमागे एकाला स्लीप अॅप्निया निघाला. हा आकडा नीट डोळ्यांसमोर आणून पाहा. एका डेपोत नव्वद चालक असतील तर त्यातले दहा जण रोज अर्धवट झोपेनिशी शेकडो लोकांना घेऊन निघतात, आणि त्यांना ते माहीत नसते. दिलासा एवढाच की यावर उपचार आहे. रात्री नाकावर मास्क लावून हवेचा हलका दाब देणारे यंत्र वापरले की वाट उघडी राहते, आणि बहुतेकांना काही दिवसांतच फरक जाणवतो. उपचार नीट घेणारा चालक पुन्हा गाडी चालवू शकतो.

एवढे कळल्यावर तरी नियम व्हायला हवा होता. मार्च २०१६ मध्ये रेल्वे आणि रस्ते वाहतूक अशा दोन्ही केंद्रीय नियामकांनी स्लीप अॅप्नियाच्या तपासणीबाबत नियमाची पहिली पायरी टाकलीही. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला न्यू जर्सीतल्या होबोकन स्थानकात गाडी ताशी २१ मैलांच्या वेगाने टोकाच्या अडथळ्यावर आदळून फलाटात घुसली. फलाटावरची एक स्त्री गेली, शंभराहून अधिक लोक जखमी झाले. चालकाला तीव्र स्लीप अॅप्निया होता, तोही अपघातानंतर कळलेला. त्या रेल्वेकडे तर तपासणीची स्वतःची पद्धत होती. ती या चालकाच्या बाबतीत पाळली गेली नव्हती. तीन महिन्यांनी, ४ जानेवारी २०१७ ला, ब्रुकलिनच्या अटलांटिक टर्मिनलमध्ये लाँग आयलंड रेल्वेची गाडी तशीच टोकाला धडकली आणि शंभरावर लोक जखमी झाले. तिथेही चालकाला तोच आजार, तोच तीव्रपणा.

आणि त्याच २०१७ च्या ऑगस्टमध्ये दोन्ही नियामकांनी तो प्रस्तावित नियम मागे घेतला. असलेले कार्यक्रम आणि नियम पुरेसे आहेत, असे कारण दिले गेले. सुरक्षा मंडळाने फेब्रुवारी २०१८ मध्ये होबोकन आणि ब्रुकलिनचा एकत्र अहवाल देताना पुन्हा तीच शिफारस केली. या संपूर्ण प्रकरणात मला सर्वात जास्त राग येतो तो इथे. पहाटे गाडीवर झोपलेल्या माणसाला आपण झोपला हे कळत नव्हते. दिवसाढवळ्या कार्यालयात बसून नियम मागे घेणाऱ्यांसमोर मात्र तीन अपघात होते.

आपल्याकडच्या वाचकाला यात घेण्यासारखे काय, तर पहिली गोष्ट तासांची. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि दोन ड्युट्यांमध्ये किमान सलग ९ तासांची विश्रांती अशी चौकट घातली होती. ही चौकट कामगारांच्या लढ्यातून आली आणि तिचे मोल मोठे आहे. पण नऊ तासांतून डेपोतून घरी जाणे, अंघोळ, जेवण, पोरांशी दोन शब्द आणि परत येणे वजा केले तर झोपेला पाच-सहा तास उरतात. मुक्कामी गाडीचा चालक गावात बसमध्येच अंग टाकतो, डासांत आणि उकाड्यात. लांब पल्ल्याच्या ट्रॅव्हल्समध्ये दुसरा चालक चालत्या गाडीत झोपतो. हजेरीपुस्तकात हे सगळे 'विश्रांती' म्हणूनच लिहिले जाते. आणि ज्याचा श्वास रात्रभर अडकतो, त्याला तर बंद खोलीत, पंख्याखाली आठ तास दिले तरी ते पुरत नाहीत.

दुसरी गोष्ट तपासणीची. ती महाग नाही. जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली आठ प्रश्नांची आहे: मोठ्याने घोरता का, दिवसा थकवा वाटतो का, झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे का, रक्तदाब आहे का, मग वजन, वय, मानेचा घेर आणि लिंग. पाच मिनिटांत भरून होते. ज्यांची उत्तरे संशयास्पद, त्यांनाच पुढे रात्रभराच्या तपासणीला पाठवायचे. प्रश्नावली घरच्या माणसासमोर भरली तर जास्त खरी उतरते. अडचण दुसरीकडेच आहे. निदान झाले तर नोकरी जाईल, या भीतीने चालक पहिल्याच प्रश्नाला 'नाही' म्हणेल. म्हणून तपासणी आणण्याआधी लेखी हमी हवी: निदान झालेल्याला उपचार सुरू होईपर्यंत हलके काम, पगार चालू, आणि उपचार लागू पडला की त्याच गाडीवर परत. ही हमी नसेल तर प्रश्नावली वाटण्यात अर्थ नाही.

अमेरिकेत जून २०२२ मध्ये रेल्वे प्रशासनाने मोठ्या मालवाहतूक कंपन्या आणि प्रवासी रेल्वे यांना थकव्याच्या धोक्याचे व्यवस्थापन करणारा लेखी कार्यक्रम आखणे बंधनकारक केले. पाळ्यांची आखणी, झोपेचे आजार, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांचा विचार त्यात करावा लागतो. पण प्रत्येक चालकाची स्लीप अॅप्नियासाठी तपासणी झालीच पाहिजे, असे तो नियमही म्हणत नाही.